खोटा रिपोर्ट की चकवा?

कुपवाडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. भावाचं वृषणाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं. नंतरच्या तपासणीत बीटा-एचसीजी, म्हणजे या कर्करोगाची रक्तातली एक खूण असलेलं हार्मोन, किंचित वाढलेलं निघालं. मिरजेचे डॉक्टर म्हणाले, 'फॉल्स पॉझिटिव्ह असू शकतं', म्हणजे आजार नसतानाही तपासणी आजार दाखवते ते. याला मराठीत 'खोटा रिपोर्ट' म्हणावं का?

अजिबात नाही! खोटा म्हटलं की लॅबवाल्यानं लबाडी केली असं होतं. 'मिथ्या सकारात्मक' तर त्याहून वाईट. आजार निघाला, यात सकारात्मक काय कप्पाळ?

आपल्याकडे शब्द आहे: चकवा. रात्री शिवारातून निघालेला माणूस त्याच बांधावर पुन्हा पुन्हा येतो, तो चकवा. व्याकरणवाले 'चकणे, चकवणे, चकवा' अशी शिडी लावून मोकळे होतात. काही जण 'चकित'कडे बोट दाखवतात. पण चकित माणूस जागीच थिजतो, चकवा लागलेला चालतच राहतो! माझ्या मते मूळ 'चक्र'च. चक्राचं चाक झालं, चकती झाली, मग चकव्यालाच घराबाहेर का ठेवायचं? उच्चारूनही बघा: चाक आणि चकवा यांत चमच्यातला च, चकितमध्ये चंद्रातला. एवढा पुरावा मला पुरतो. कोशकारांना पुरत नसेल तर त्यांनी एकदा अमावस्येला तासगावच्या रानात जावं.

हां, रिपोर्ट. एचसीजी आणि मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचं एलएच ही दोन हार्मोन्स दिसायला सख्खी भावंडं. एक वृषण काढल्यावर उरलेलं कमी पडलं, टेस्टोस्टेरॉन घटलं, की एलएच वाढतं आणि काही किट त्यालाच एचसीजी समजतात. अशा वेळी टेस्टोस्टेरॉन देऊन पुन्हा तपासतात. एलएच दबल्यावर आकडा उतरला तर तो चकवा. रक्तातल्या काही अँटिबॉडीजही किटला फसवतात, पण त्या लघवीत सहसा उतरत नाहीत, म्हणून लघवीतलं एचसीजीही बघतात. या कर्करोगाच्या रक्तातल्या दुसऱ्या दोन खुणा, एएफपी आणि एलडीएच, त्याही चकवतात: एएफपी यकृताच्या दुखण्यानं वाढतं, एलडीएच तर नमुन्यातल्या तांबड्या पेशी फुटल्या तरी चढतं.

मात्र दर तपासणीला आकडा चढतच गेला, तर त्याला चकवा म्हणून घरी बसू नये, ताई. पुढची तारीख चुकवू नका, आणि जमेल तर तपासणी त्याच लॅबमध्ये करा.