भावा, आधी महिनाभर बसनं फिर

शहरातली बससेवा सुधारायला काम करायचंय म्हणतोस, लई भारी, पण पहिल्याच दिवशी निवेदन घेऊन पळू नको. मी तेच केलं होतं, एसटीच्या गाडीची तक्रार घेऊन केएमटीवाल्यांपुढं उभा, साहेब नुसता हसला. केएमटी म्हणजे शहरातली बस, कोल्हापूर महापालिकेची, एसटी राज्याच्या महामंडळाची, एवढं डोक्यात पक्कं बसव म्हणजे निम्म्या चकरा वाचतील.

मग एकच रूट धर, समज गंगावेश ते राजारामपुरी, आणि खिशात छोटी वही ठेव. स्टॉपवर किती वाजता आलास, गाडी किती वाजता आली, किती लोक उभे होते, एवढंच लिही. एक मावशी पिशवी घेऊन चाळीस मिनिटं उन्हात उभी होती ही ओळ वेळेसकट वहीत असली की मीटिंगमधी कुणी उडवून लावत नाही, नुसतं "बसेस वेळेवर येत नाहीत" म्हटलं की लगेच उडवतात.

नवीन पोरं हमखास चुकतात ते:
- माहिती अधिकारात "का?" विचारणं. कागद माग, फेऱ्यांचं रजिस्टर, लॉगशीट (गाडीच्या रोजच्या नोंदीचा कागद). 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप, उत्तराला 30 दिवस.
- कंडक्टरवर राग काढणं. अरे, खरी माहिती त्याच्याकडंच असते, चहा पाज.
- बजेट मंजूर झाल्यावर मागणी करणं. वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं, तू दिवाळी झाली की लगेच मागणीला लागायला पायजेस.

मेट्रो, बीआरटी (बससाठी वेगळी लेन) हे सगळं नंतर बघू. आणि नोकरी सोडू नको हां, यात पगार नाही. वही भरली की सांग, रंकाळ्यावर भेटू.