डॉक्टर नसताना वैद्यकीय संशोधनात जावं का?

प्रश्न : मी बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी केलं आहे. पीएचडीसाठी दोन ठिकाणी निवड झाली आहे. एक प्रथिनांच्या रचनेवर काम करणारी नावाजलेली लॅब आहे. दुसरा ट्रान्सलेशनल मेडिसिनचा, म्हणजे लॅबमधलं संशोधन रुग्णांच्या उपचारापर्यंत नेण्याचा अभ्यासक्रम आहे, त्यात काही महिने हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांसोबत घालवावे लागतात. मला दुसरा मनापासून आवडलाय. पण मी एमबीबीएस नाही. ना धड इकडची ना धड तिकडची, अशी गत होईल का?

उत्तर : तुझी भीती समजते, पण ती चुकीच्या जागी आहे. कॅटलिन कारिको बायोकेमिस्ट आहेत, डॉक्टर नाहीत. त्यांचे सहकारी ड्रू वाइसमन डॉक्टरही आहेत आणि इम्युनॉलॉजिस्टही. एमआरएनए, म्हणजे पेशीला प्रथिन बनवण्याची सूचना देणारा रेणू, बाहेरून दिला की रोगप्रतिकारक पेशी खवळतात, पण त्यातल्या न्यूक्लिओसाइड या घटकांमध्ये ठरावीक बदल केला की शांत राहतात, हे त्यांनी २००५ मध्ये दाखवलं. त्याच्याच आधारावर कोविडच्या एमआरएनए लशी झाल्या आणि २०२३ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं. अशा जोडीत बायोकेमिस्टला मान मिळतो तो तिचा विषय पक्का असल्यामुळे. म्हणून हॉस्पिटलमध्ये जायचं म्हणून बायोकेमिस्ट्री पातळ करू नकोस.

मग हॉस्पिटल कशासाठी? एक साधी गोष्ट बघ. रुग्णाचं रक्त काढलं आणि ट्यूब टेबलावर तशीच राहिली, तर पेशी आतलं ग्लुकोज वापरत राहतात. काही तासांनी पेशींमधलं पोटॅशियमही बाहेर झिरपू लागतं. लॅबमध्ये बसलेल्या विद्यार्थ्याला आकड्यांत फरक दिसतो आणि आजाराची खूण सापडली असं वाटतं. प्रत्यक्षात एका वॉर्डातल्या ट्यूब लगेच पोचत होत्या आणि दुसऱ्यातल्या दुपारपर्यंत पडून होत्या, एवढाच तो फरक. नमुना कुणी, कधी, कशात घेतला हे ज्याने डोळ्यांनी पाहिलंय तो पहिला प्रश्न वेळेचा विचारतो.

उलट दिशेची चूक, म्हणजे लॅबमधला निष्कर्ष माणसालाही तसाच लागू पडेल असं धरून चालणं, याहून महाग पडते. २००६ मध्ये लंडनमध्ये टीजीएन१४१२ हे औषध सहा निरोगी स्वयंसेवकांना दिलं गेलं. माकडांमध्ये सुरक्षित ठरलेल्या डोसच्या पाचशेव्या भागाएवढाच डोस होता, तरी सहाही जण अतिदक्षता विभागात गेले. सगळे वाचले. पुढच्या संशोधनातून दिसलं, की ज्या टी-पेशींवर (या रोगप्रतिकारक पेशी) माणसात सीडी२८ हा रिसेप्टर, म्हणजे हे औषध ज्याला चिकटतं ते प्रथिन असतं, त्याच प्रकारच्या पेशींवर त्या माकडांमध्ये ते नसतं. लॅब आणि माणूस यांच्यातलं हे अंतर ओळखणं म्हणजेच तुला मिळायला हवं ते प्रशिक्षण. दोन्ही बाजू जाणणाऱ्या माणसांची गरज तिथे किती आहे, हे मला वेगळं सांगायला नको.

आता अभ्यासक्रमाबद्दल. नावावर जाऊ नकोस. काही ठिकाणी विद्यार्थी राउंडच्या मागे नुसते उभे राहतात, ते पर्यटन झालं. तुझ्या प्रबंधावर सही करणारा, दर महिन्याला तुझ्याशी कामाबद्दल बोलणारा डॉक्टर मार्गदर्शक मिळणार आहे का, ते लेखी विचार. हॉस्पिटलमधले महिने पीएचडीच्या मुदतीत धरले जातात का, हेही विचार. एथिक्स कमिटीची परवानगी आणि रुग्णांची संमती यांत बराच काळ जातो, प्रबंध अडकतो तो इथेच. त्यामुळे आधीच साठवलेल्या नमुन्यांवर करता येईल असा एक भाग पहिल्या वर्षापासून हाताशी ठेव.

ही उत्तरं समाधानकारक आली तर दुसरा अभ्यासक्रम बिनधास्त घे. गोलमाल आली तर पहिली लॅब घे आणि सल्लागार समितीत एका डॉक्टरांना बसवून घे, बहुतेक गाइड त्याला नाही म्हणत नाहीत. होकार कळवण्याआधी दोन्हीकडच्या शेवटच्या वर्षातल्या एकेका विद्यार्थ्याशी फोनवर बोल, आणि गाइड शेजारी नसताना बोल.