तीन पत्ती येते, पोकर शिकायचाय. सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की सोलापुरात राहता, तीन पत्ती चांगली येते आणि आता पोकर शिकायचाय. मीही तीन पत्तीतूनच इकडे आलो. मे महिन्यात सोलापुरात रात्री घरात झोप लागत नाही, तेव्हा आम्ही पाच-सहा मित्र विजापूर रोडला एकाच्या गच्चीवर पत्ते घेऊन बसायचो. त्या अनुभवावरून सांगतो: आधी तीन पत्तीतलं थोडं विसरा.

पानांची उतरंड बदलते. तीन पत्तीत सिक्वेन्स (ओळीने येणारी पानं) कलरच्या (सगळी एकाच चिन्हाची पानं) वर, पोकरमध्ये कलर सिक्वेन्सच्या वर. तीन पत्तीतली ट्रेल, म्हणजे एकसारखी तीन पानं, सगळ्यांचा बाप, पण पोकरमध्ये तीच सिक्वेन्सपुढेही हरतात. कारण हिशेबात आहे. तीन पानांचे 22,100 हात होतात, त्यात नुसता कलर 1,096 वेळा आणि साधी सिक्वेन्स 720 वेळा. पाच पानांचे 25,98,960 हात होतात, तिथे सिक्वेन्स 10,200 आणि कलर 5,108. पोकरमध्ये दुर्मिळ ते मोठं. हे एकदा समजलं की क्रम पाठ करावा लागत नाही.

‘ब्लाइंड’ हा शब्दही फसवतो. इथे त्याचा अर्थ न बघता खेळणं नव्हे. पानं वाटायच्या आधी, वाटणाऱ्याच्या डावीकडच्या दोघांनी सक्तीने टाकायची रक्कम म्हणजे ब्लाइंड. मग प्रत्येकाला दोन पानं, आणि मध्ये सगळ्यांसाठी उघडी पाच: आधी तीन, मग एक, मग एक. सातातली उत्तम पाच तुमची. टेक्सास होल्डेम म्हणतात तो हाच, शिकायला हाच घ्या.

दोन पानं बघून बहुतेक वेळा पॅक करा, म्हणजे डाव सोडा. आमच्यात सगळ्यात जास्त हरायचा तो प्रत्येक डावात उतरणारा. आणि आपली पाळी शेवटी असेल तेव्हा थोडी कमी पानंही चालतात, कारण बाकीच्यांनी काय केलं ते तोवर दिसलेलं असतं.

आता खरा गाभा. तुमच्याकडे दोन बदाम, मध्ये तीन पानं उघडली त्यात दोन बदाम, म्हणजे कलरला एक बदाम कमी. न दिसलेल्या 47 पानांत 9 बदाम उरले, म्हणजे पुढचं पान बदाम निघायची शक्यता साधारण पाचातून एक. मध्ये 40 चिंचोके आहेत, समोरच्याने आणखी 40 लावले. तुम्ही 40 टाकून 80 मिळवायला बघताय. असं पाच वेळा केलंत तर चारदा 40 जातील, एकदा 80 येतील. सोडून द्या. तेच मध्ये 80 असताना त्याने 10 लावले, तर चारदा 10 जातील आणि एकदा 90 येतील. बिनधास्त चला. पान तेच, निर्णय वेगळा. मला हे कळलं त्या रात्रीपासून पोकर खऱ्या अर्थाने आवडायला लागला.

चिंचोके मी मुद्दाम म्हटलं. शेंगदाणे घेऊ नका, बोलता बोलता तोंडात जातात आणि हिशेब बिघडतो. पैसे तर नकोच. आमच्या ओळखीतल्या एका मुलाने मोबाइलवर पगारच्या पगार घालवलेत, घरच्यांचे हाल मी पाहिलेत. 2025 च्या केंद्राच्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले, तेव्हा त्याच्या आईइतकाच मलाही बरं वाटलं. तुम्हाला कुणी अजून एखादी लिंक पाठवली तर उघडूही नका.

पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांनी पानं उघडी ठेवून खेळा. प्रत्येक चालीला थांबा आणि ‘तू का चाललास, मी का पॅक केलं’ हे मोठ्याने बोला. चार जण जमले की पुरे, एक जोड पत्ते लागतात आणि चिंचोके कुठल्याही घरात सापडतात.