आकाशातली धसकटं

हिंगोली जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेनं विचारलंय: पृथ्वीभोवती फिरणारे निकामी उपग्रह आणि रॉकेटचे तुकडे यांना विज्ञान प्रदर्शनाच्या तक्त्यावर 'अवकाश कचरा' लिहू की 'अंतराळ मलबा'? शिवाय वर्गातला एक मुलगा त्याला 'आकाशातली धसकटं' म्हणाला, ते चालेल का?

ताई, मथळ्याला 'अवकाश कचरा' ठेवा, तो शब्द रुळलाय. 'मलबा' हिंदी बातम्यांतून आला. आपण त्याला ढिगारा म्हणतो. 1993 च्या भूकंपात किल्लारीत माणसं काढली ती ढिगाऱ्याखालून. पण ढिगारा पडल्या जागी राहतो. पृथ्वीजवळच्या कक्षेतली ही वस्तू सेकंदाला सात-आठ किलोमीटर पळते. तेव्हा दोन्ही नकोत.

त्या मुलाचा शब्द मात्र मला फार आवडला. तूर कापली की शेंगा घरी येतात आणि धसकट, म्हणजे बुडाचा टोकदार खुंट, रानात राहतं. पुढं कुणाच्या तरी पायात घुसतं. उपग्रह कक्षेत सोडल्यावर रॉकेटचा शेवटचा टप्पा अगदी तसाच मागं उरतो. आणखी एक गोष्ट 'कचरा' म्हटल्यानं हरवते. कचरा वाऱ्यानं कुठूनही येतो, धसकट ज्याचं रान त्याचं. 1967 च्या अवकाश करारानुसार निकामी झालेली वस्तूही ज्या देशाच्या नावावर नोंदली, त्याच्याच ताब्यातली. दुसऱ्यानं परस्पर उचलायची नाही. 2024 मध्ये 'अ‍ॅस्ट्रोस्केल' या जपानी कंपनीचं यान एका जुन्या टप्प्यापासून सुमारे 15 मीटरवर जाऊन त्याची पाहणी करून आलं. तो टप्पाही जपानचाच होता. आपल्या इस्रोनं तर 1 जानेवारी 2024 ला उडालेल्या पीएसएलव्ही रॉकेटचा चौथा, म्हणजे शेवटचा, टप्पा 650 वरून 350 किलोमीटरवर उतरवला, त्यावर प्रयोग केले, आणि मार्चमध्ये तो वातावरणात शिरून संपला. पीक काढलं की लगोलग धसकट उपटायचं, तसंच हे.

बारीक तुकड्यांना मात्र धसकटं म्हणू नका. त्यांना आपल्याकडं ठिकऱ्या हा नेमका शब्द आहे. 10 फेब्रुवारी 2009 ला रशियाचा बंद पडलेला 'कॉसमॉस 2251' आणि चालू असलेला 'इरिडियम 33' हे उपग्रह एकमेकांवर आदळले. रडारला दिसतील अशा ठिकऱ्याच दोन हजारांच्या आसपास झाल्या, न दिसणाऱ्या वेगळ्या. टप्प्यात उरलेलं इंधन भडकूनही ठिकऱ्या होतात. एवढ्या वेगात सेंटिमीटरभर ठिकरीनंही उपग्रह निकामी होतो.

म्हणून क्रियापदही जपून घ्या. तक्त्यावर नुसतं 'कचरा साफ करणे' लिहिलं तर मुलांना वाटेल, मोठा झाडू फिरवला की झालं. धसकटं वेचता येतील: जाळं टाकून, यंत्राच्या हातानं धरून खाली ओढून. विखुरलेल्या लाखो ठिकऱ्या वेचायला आज तरी साधन नाही. धसकटाच्या ठिकऱ्या व्हायच्या आत ते वेचायचं, एवढंच हातात आहे.

रॉकेटच्या टप्प्याचं चित्र काढाल त्याखाली त्या मुलाचा शब्द लिहा. अवतरणचिन्हं नकोत.