जनुक शाबूत, पण बंद

प्रश्न : ७४ वर्षांच्या आईच्या मोठ्या आतड्यातल्या गाठीच्या रिपोर्टमध्ये ‘एमएलएच१ आढळत नाही, प्रमोटर मिथाइलेटेड’ असं आहे. डॉक्टर म्हणाले, जनुक बिघडलेलं नाही, बंद पडलंय. म्हणजे काय? आम्हा भावंडांना धोका आहे का?

उत्तर : ‘आढळत नाही’ हे शब्द रिपोर्टमध्ये लिहिताना दरवेळी माझा हात थबकतो. वाचणाऱ्या घरच्या माणसाला ते ‘आनुवंशिक’ असेच ऐकू येतात.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, अशा स्लाइड रोज पाहते. एमएलएच१ हे प्रथिन दाखवणारा रंग दिला की निरोगी पेशींची केंद्रकं तपकिरी होतात, गाठीतली निळीच राहतात. जोडीदार प्रथिन पीएमएस२ एकट्यानं टिकत नाही, म्हणून रिपोर्टमध्ये तेही ‘नाही’ असेल. तो बहुधा वेगळा बिघाड नसतो.

डीएनएची नक्कल होताना अक्षरं चुकतात. त्या चुका सुधारणाऱ्या प्रथिनांपैकी एमएलएच१ एक. तुमच्या आईच्या गाठीत ते बनवणाऱ्या, त्याच नावाच्या जनुकाच्या प्रमोटरवर, म्हणजे वाचन जिथून सुरू होतं त्या भागावर, मिथाइलचे छोटे रासायनिक गट बसले आहेत. मजकूर तसाच असूनही पेशी तो वाचत नाही.

खरा घोळ पुढे होतो. दुरुस्ती थांबली की एकच अक्षर सलग येणाऱ्या जागा आधी घसरतात. टीजीएफबीआर२ या जनुकात ‘ए’ ओळीनं १० वेळा येतं. त्यातलं एक गळलं की पुढचं वाचन कोलमडतं, ‘वाढ थांबव’ हा बाहेरचा निरोप पेशीला कळत नाही आणि त्या निरोपावर चालू-बंद होणाऱ्या जनुकांचा ताळमेळ जातो. नियमन बिघडलं म्हणून दुरुस्ती गेली आणि दुरुस्ती गेली म्हणून नियमन आणखी बिघडलं.

आता तुमची काळजी. आईच्या वयात हे मिथाइलेशन बहुतेकदा गाठीतच नव्यानं झालेलं असतं, क्वचितच जन्मजात. गाठीतल्या बीआरएएफ या दुसऱ्या जनुकात व्ही६००ई नावाचा बदल सापडला, तर लिंच सिंड्रोमची, म्हणजे दुरुस्तीच्या जनुकातला बिघाड आनुवंशिक असण्याची, शक्यता फारच कमी होते. ती तपासणी झाली का, विचारा. नात्यात कुणाला पन्नाशीआधी आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग झाला असेल, तर मात्र जेनेटिक समुपदेशकाला भेटाच.

आणि कर्करोग पसरला असेल, तर इम्युनोथेरपीबद्दल डॉक्टरांशी जरूर बोला. चुका साचलेल्या अशा गाठी प्रतिकारशक्तीला परक्या वाटतात, त्यामुळे या औषधांना त्या अनेकदा चांगला प्रतिसाद देतात.