वरच्यांचं सांडपाणी खालच्या घरात: दुरुस्ती कुणी करायची?

प्रश्न: तळेगावजवळ चार मजली इमारतीत तळमजल्यावर आमचा फ्लॅट आहे. ताबा मिळून साडेचार वर्षं झाली. गेल्या पावसाळ्यापासून बाथरूमच्या जाळीतून घाण पाणी वर येतं. सोसायटी म्हणते, फ्लॅटच्या आतलं आहे, तुम्हीच बघा. बिल्डर म्हणतो, इमारत सोसायटीच्या ताब्यात दिली, आता माझा संबंध नाही. आमच्याकडे नगरपरिषदेची ड्रेनेज लाइन नाही, सेप्टिक टँक आहे. तो साफ करायला कमिटीने रविवारी दोन माणसं बोलावली आहेत. मी मेंटेनन्स भरणं बंद करू का?

उत्तर: ताई, आधी रविवारचं बोलू. बाकी सगळं चार दिवस थांबेल, हे थांबणार नाही. ती दोन माणसं टाकीत उतरणार असतील तर आजच सेक्रेटरींना लेखी कळवा की माणूस उतरवू नका, सक्शन टँकर बोलवा. संरक्षक साधनांशिवाय सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणं हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद, २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. 'आम्ही काम ठेकेदाराला दिलं होतं' एवढं म्हणून कमिटीला हात झटकता येत नाहीत. टाकीतला विषारी वायू दिसत नाही. पहिला माणूस खाली कोसळतो, दुसरा त्याला ओढायला उतरतो आणि दोघंही जातात. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख केली. पण कुणाचा जीव गेल्यावर त्या आकड्याचं काय करायचं? पत्राची पोच घ्या आणि कमिटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही टाका.

आता तुमच्या बाथरूमकडे वळू. तुम्ही पाठवलेल्या फोटोंपैकी एका फोटोवर मी बराच वेळ थांबलो. फरशीवर काळपट पाणी आहे, आणि त्यात भाताची शितं आणि कोथिंबिरीच्या काड्या अडकल्या आहेत. बाथरूममध्ये भात कुठून येणार? तो वरच्या कुणाच्या तरी सिंकमधून आला आहे. म्हणजे तुमची लाइन वरच्या सामाईक पाइपाला जोडलेली आहे, आणि पुढे तुंबलं की पाणी सगळ्यात खालचं तोंड शोधतं, ते तोंड म्हणजे तुमची जाळी. चांगला प्लंबर तळमजल्याची लाइन वेगळी काढून थेट चेंबरला सोडतो, ती याच कारणासाठी.

या एका फोटोने सोसायटीचं म्हणणं बरंचसं खोटं पडतं. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमावलीप्रमाणे, एखाद्याच्या फ्लॅटमधल्या संडास-सिंकची आतली गळती त्या सभासदाने दुरुस्त करायची असते. पण सामाईक ड्रेनेज लाइन, सेप्टिक टँक आणि सामाईक पाइपांमुळे होणारी गळती यांचा खर्च सोसायटीचा असतो. तुमच्या सोसायटीने नोंदवलेल्या उपविधींची प्रत मागून घ्या आणि दुरुस्तीचा उपविधी त्यात वाचा.

पण शितांवर सगळी केस उभी करू नका. परवानाधारक प्लंबर आणि एक इंजिनिअर बोलवा. वरच्या मजल्यावरच्या सिंकमध्ये रंग ओतायला लावा आणि खाली तुमच्या जाळीतून तोच रंग येताना तारीख-वेळेसह व्हिडिओ काढा. शेजारचे दोन सभासद साक्षीला ठेवा, कमिटीला आधी कळवून बोलवा. चेंबरची झाकणं उघडून पाइपाचा उतारही मोजून घ्या. चार इंची पाइपाला साधारण ४० फुटांत १ फूट उतार हवा, हा प्लंबरांचा जुना हिशेब आहे. इंजिनिअरचा सही-शिक्क्याचा अहवाल घ्या. हे काम रागाच्या भरात लाइन फोडण्याआधी झालं पाहिजे. फोडल्यावर पुरावा राहत नाही, आणि बिल्डर म्हणेल की यांनीच तोडफोड केली.

बिल्डरसाठी तुमच्या हातात आता फार थोडे दिवस आहेत. रेरा, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर नियमन करणाऱ्या कायद्याच्या, कलम १४(३) प्रमाणे ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला, कामाच्या दर्जातला किंवा सेवांमधला दोष त्याच्या निदर्शनास आणला, तर ३० दिवसांत पैसे न घेता तो दुरुस्त करणं त्याच्यावर बंधनकारक आहे. सोसायटीला ताबा दिला म्हणून ही जबाबदारी संपत नाही. तुमची साडेचार वर्षं झाली आहेत. म्हणून सोसायटीशी वाद मिटेपर्यंत वाट पाहू नका, या आठवड्यातच स्पीड पोस्टाने आणि ईमेलने नोटीस पाठवा. अहवाल नंतर जोडता येईल, नोटिशीची तारीख मागे नेता येणार नाही. ३० दिवसांत काम झालं नाही, तर प्रकल्प नोंदणीकृत असल्यास महारेराकडे, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे, तक्रार करा. तिथे भरपाईही मागता येते. तुम्ही एकट्या फ्लॅटधारक म्हणूनही जाऊ शकता, सोसायटीच्या ठरावासाठी अडून बसू नका.

नगरपरिषदेकडे माहिती अधिकारात मंजूर ड्रेनेज नकाशाची प्रमाणित प्रत मागा, अर्जाला १० रुपये लागतात. नकाशात तळमजल्याची लाइन वेगळी असेल आणि प्रत्यक्षात ती वरच्या पाइपात घुसवलेली असेल, तर बिल्डरकडे सांगायला फारसं काही उरणार नाही.

सोसायटी ऐकतच नसेल तर आधी सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे लेखी तक्रार करा, वाद तरीही राहिला तर सहकार न्यायालय आहे. आणि आरोग्यालाच धोका झाला, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकारी सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश देऊ शकतात. हेच कलम जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत १३३ होतं. १९८० साली मध्य प्रदेशातल्या रतलामच्या उघड्या गटारांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं ते याच कलमावरून, आणि पैसे नाहीत ही नगरपालिकेची सबब न्यायालयाने मानली नाही. तुमच्या बाबतीत उपद्रव एका फ्लॅटपुरता आहे असं समोरचा म्हणेल, म्हणून हा रस्ता मी शेवटी ठेवला आहे. पाणी जिन्यात किंवा पिण्याच्या टाकीपर्यंत पोचत असेल तर मात्र तो आधी घ्या, आणि टाकीतल्या पाण्याचा नमुना तपासून घ्या.

मेंटेनन्स बंद करू नका. थकबाकीदार झालात की सोसायटी वसुलीचा दाखला मागेल, आणि मूळ प्रश्न बाजूला राहून तुम्हीच आरोपीच्या जागी याल. दर महिन्याला पैसे भरा आणि सोबतच्या पत्रात लिहा: 'ड्रेनेजच्या तक्रारीचा हक्क राखून भरत आहे.' तोवर घरात कुणीही त्या बाथरूममध्ये अंघोळ करू नका. प्लंबरकडून जाळीखाली उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व बसवता येतो का विचारा, पण रंगाची चाचणी झाल्यानंतरच.