कळल्यावर शाळेनं काय केलं?

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

न्यूजर्सीच्या नागरी हक्क विभागात तपास अधिकारी म्हणून तू रुजू होते आहेस, हे तुझ्या आईनं सांगितलं आणि रात्री उशिरापर्यंत मला झोप लागली नाही. आनंद तर होताच, पण एक जुनी गोष्टही वर आली. या राज्यातल्या शाळांमध्ये मी २१ वर्षं समुपदेशक होते. आता तू ज्या टेबलाशी बसशील, त्याच्या पलीकडे माझी बाजू असे. मुलाच्या छळाची तक्रार आली की शाळा जे कागद पुढे करते, त्यातले कित्येक मी लिहिले आहेत. ते कसे वाचायचे, एवढं तरी मी तुला सांगू शकते.

२००८ च्या नोव्हेंबरात सातवीतला एक भारतीय मुलगा माझ्याकडे आला. बसमध्ये तिघं जण त्याच्या उच्चारांची नक्कल करत आणि त्याला ‘टेररिस्ट’ म्हणत. मी तिघांना बोलावलं, समजावलं, त्यांनी माफी मागितली. कागदावर लिहिलं, ‘संबंधितांशी बोलणं झालं, प्रकरण मिटलं.’ जानेवारीत जेवणाच्या सुट्टीत दुसरी दोन मुलं. पुन्हा तेच समजावणं, तीच माफी, तेच वाक्य. एप्रिलमध्ये जिममध्ये आणखी कुणीतरी. दर वेळी मुलं वेगळी, म्हणून दर वेळी नवी फाइल. सुटा वाचला तर एकेक कागद बिनचूक होता. तिन्ही कागद शेजारी ठेवून मी कधी पाहिलेच नाहीत.

मधल्या काळात तो मुलगा डबा घेऊन लायब्ररीत बसायला लागला. परवानगी मीच दिली होती, आणि मला ती माझी माया वाटत होती. प्रत्यक्षात कॅफेटेरियातली त्याची जागा मी काढून घेतली आणि छळणाऱ्यांना मोकळी करून दिली. असा ‘उपाय’ तुला पुष्कळ फायलींत दिसेल: वर्ग बदलून दिला, बसमधली जागा बदलून दिली, पाच मिनिटं आधी सोडलं. तिथं थांब आणि विचार, हलवलं कुणाला?

मेच्या सुरुवातीला त्याच्या आईनं मला विचारलं, “बाहेर कुठं दाद मागता येते का?” मी म्हटलं, “शाळेतच मिटवू.” तुमच्या विभागाकडे तक्रार करायला घटनेपासून १८० दिवस मिळतात. त्या माउलीला हे दुसऱ्या कुणाकडून कळलं, तोवर बसमधल्या घटनेचे दिवस भरून गेले होते. त्या उन्हाळ्यात ते कुटुंब दुसऱ्या गावी निघून गेलं. म्हणून सांगते, फोनवर कुणी “शाळेची चौकशी चालू आहे, ती संपली की बघू” म्हणालं, तर त्यांना ताबडतोब तारीख मोजून दे. शाळेतली चौकशी संपायची वाट पाहत ते १८० दिवस थांबत नाहीत.

तो मुलगा पहिल्यांदा माझ्याकडे आला, तेव्हा न्यूजर्सीतल्याच टॉम्स रिव्हरच्या शाळांविरुद्धच्या प्रकरणाचा निकाल लागून पावणेदोन वर्षं झाली होती आणि मी तो वाचलेला नव्हता. तू पहिल्याच आठवड्यात वाच. चौथीपासून एका मुलाला तो समलिंगी आहे असं समजून इतर मुलं घालूनपाडून बोलत. पुढं प्रकरण मारहाणीपर्यंत गेलं आणि अखेर त्याला शाळा सोडावी लागली. आईनं नागरी हक्क विभागाकडे तक्रार केली. प्रशासकीय न्यायाधीशांनी शाळेच्या बाजूनं कौल दिला, पण विभागाच्या संचालकांनी तो फिरवला. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि फेब्रुवारी २००७ मध्ये न्यायालयानं मोजपट्टी ठरवून दिली: छळ होतो आहे हे शाळेला माहीत होतं किंवा माहीत असायला हवं होतं, आणि तरीही तो थांबेल अशी रास्त पावलं तिनं उचलली नाहीत, तर शाळा जबाबदार. केंद्रीय कायद्यातली मोजपट्टी याहून कडक होती, तिथं शाळेनं जाणूनबुजून डोळेझाक केल्याचं दाखवावं लागे. न्यायालयानं ती नाकारली. कामाच्या जागी मोठ्या माणसाला जे संरक्षण मिळतं, त्याहून कमी संरक्षण वर्गातल्या मुलाला का मिळावं, हा त्यामागचा विचार. मला तो फार खरा वाटतो. मोठा माणूस निदान नोकरी सोडू शकतो. मुलाला सोमवारी त्याच बसमध्ये चढावं लागतं.

त्या शाळेनंही माझ्यासारखंच केलं होतं. सापडला त्याला बोलावलं, समज दिली, सोडलं. सगळ्या मुलांना एकत्र बसवून, पालकांना पत्र धाडून ‘इथं हे चालणार नाही’ असं ठणकावून सांगितलं नाही. तेव्हा मुलांच्या मनात द्वेष होता का, या वादात तुला कुणी गुंतवू पाहील, गुंतू नकोस. शाळेतल्या मोठ्या माणसांना कधी कळलं, आणि कळल्यावर त्यांनी काय केलं? सगळा तपास या दोन प्रश्नांभोवती फिरव. मात्र त्याच निकालात हेही आहे की मैदानावरचा एखाददुसरा टोमणा म्हणजे भेदभाव नव्हे. तेही लक्षात ठेव, नाहीतर खऱ्या तक्रारींचं वजन कमी होतं.

तुमचा भेदभावविरोधी कायदा १९४५ चा. शाळांमधल्या छळाविरुद्धचा कडक कायदा जानेवारी २०११ मध्ये आला, रटगर्स विद्यापीठातल्या टायलर क्लेमेंटी या समलिंगी विद्यार्थ्यानं खोलीतल्या सोबत्याच्या छळानंतर सप्टेंबर २०१० मध्ये आत्महत्या केली आणि राज्य हादरलं, त्यानंतरच्या हिवाळ्यात. तेव्हापासून प्रत्येक शाळेत छळ-प्रतिबंधासाठी एक माणूस नेमलेला असतो, तक्रार त्याच दिवशी तोंडी आणि दोन शालेय दिवसांत लेखी नोंदवावी लागते, चौकशी दहा शालेय दिवसांत. बऱ्याच ठिकाणी ही जबाबदारी समुपदेशकाच्याच गळ्यात पडते. माझ्याही पडली. इथं पालक हमखास गोंधळतात. शाळेच्या कायद्यात वंश, धर्म, लिंग, अपंगत्व यांच्यापुढं ‘किंवा इतर कोणतंही वेगळेपण’ असे शब्द आहेत. तुमच्या कायद्याची यादी ठरलेली आहे. जाड भिंगाच्या चष्म्यावरून पोराचा जीव नकोसा केला, तर शाळेला ते हाताळावंच लागेल, पण तुमच्या दारात ते बसेलच असं नाही. हे पहिल्याच दिवशी सांग. सहा महिने आशा लावून मग ‘आमच्या कक्षेत येत नाही’ असं कळवणं हा आणखी एक घाव असतो.

‘मानलेलं’ वेगळेपणही कायद्यात धरतात, हे विसरू नकोस. छळणारा वंशावळ तपासून छळत नाही. १९८७ साली जर्सी सिटीत ‘डॉटबस्टर्स’ नावाची टोळी आपल्या बायकांच्या कपाळावरच्या टिकलीवरून नाव घेऊन भारतीयांवर उठली होती. त्याच वर्षी होबोकनमध्ये जमावाच्या मारहाणीत नवरोज मोदी यांचा जीव गेला. ते पारशी. मारणाऱ्यांना त्याचं काय!

आता जे लिहिते ते घरातलं आहे. आपल्याच मंडळींविरुद्धही तक्रारी येतील. “गाव कुठलं? आडनाव काय?” या प्रश्नाचा रोख तुझ्या अमेरिकन सहकाऱ्याला कळणार नाही, तो ते गप्पा म्हणून लिहील. तुला कळेल. २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या नागरी हक्क खात्यानं दलित अभियंत्याला मिळालेल्या वागणुकीवरून एका मोठ्या कंपनीवर दावा लावला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटलनं शहराच्या कायद्यात ‘जात’ हा शब्द घातला. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानंही तसं विधेयक मंजूर केलं, पण त्याच ऑक्टोबरात गव्हर्नरांनी ते परत पाठवलं, जातीभेद आधीच्या कायद्यानंही निषिद्धच आहे असं म्हणत. न्यूजर्सीच्या यादीत ‘वंशपरंपरा’ आणि ‘मूळ देश’ हे शब्द आहेत. एखादं पोर सांगू लागलं की आडनाव कळल्यापासून मित्रांच्या घरचं बोलावणं बंद झालं आणि वर्गात हसणं सुरू झालं, तर ते शब्द न् शब्द उतरवून घे, आणि वरिष्ठांना त्याचा अर्थ समजावून सांग. “आपल्यातलं आहे, बाहेर कशाला” हे तुझ्याही मनात येईल, कारण आपण तेच ऐकत वाढलो. त्या क्षणी स्वतःवर नजर ठेव.

तू तक्रारदाराची वकील नाहीस, शाळेचीही नाहीस. हे तुला जड जाईल, मला ठाऊक आहे. मध्यस्थीचा मार्ग फुकट आहे आणि पुष्कळदा चांगला, मूल अजून त्याच शाळेत असेल तर विशेष. फक्त तडजोडीत नुसती माफी नको. कोण काय करणार, कधीपर्यंत, आणि तीन महिन्यांनी कोण तपासणार, हे लिहून घे.

आपल्याकडच्या आया फोन करतील तेव्हा सुरुवात अशीच होईल, “तसं काही मोठं नाहीये हो.” मग व्हिसाची काळजी निघेल. तक्रार करायला नागरिक असावं लागत नाही, हे त्यांनी विचारायच्या आधीच सांग. घाई करू नकोस. तारखा विचारल्या तर त्या गडबडतात, म्हणून सणवार विचार. “दिवाळीच्या आधी की नंतर?” म्हटलं की बरोबर सांगतात. “तेव्हा शाळेत कुणाला बोललात?” हा पुढचा प्रश्न. ईमेल, मेसेज, मुलाच्या वहीतलं पान, सगळं मागून घे. आणि मूल समोर असेल, तर त्याला एवढं नक्की विचार, की हल्ली तू डबा कुठं बसून खातोस?

तुझ्या,
रविवारच्या मराठी शाळेतल्या बाई